इंदूवहिनींचं छापील कोडं

इंदूवहिनी सबनीस यांनी बंगळूरमध्ये मराठी भाषा जिवंत ठेवली. हे वाक्य माझं नाही. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या शोकसभेत अध्यक्षांनी ते म्हटलं, थोडं थांबून पुन्हा म्हटलं, आणि शेवटी आभार मानताना आणखी एकदा. (शोकसभेत आभार कोणाचे मानायचे, हा प्रश्न आमच्या अध्यक्षांना कधी पडलेला नाही.) मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. शेजारच्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. वाईट वाटत होतंच. पण मान खाली जायचं कारण वेगळं होतं. त्या वाक्याचं मूळ पाच वर्षांपूर्वी मी मारलेल्या एका थापेत आहे, आणि ती थाप एवढी मोठी होऊन व्यासपीठावर उभी राहिलेली मला बघवत नव्हती.

वहिनी गेल्याचं कळलं ते फोनवर, सकाळी साडेसातच्या सुमाराला. मी दाढी करत होतो. फोन उचलला तर पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. आमच्या भागात चुकून लागणारे फोन पुष्कळ, म्हणून मी ठेवणार, तेवढ्यात आवाज आला... ‘ये.’ एवढंच. एका शब्दात फोन करील असा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि त्यानं सहा वर्षांत फोनला हात लावलेला नव्हता. तोंडावरचा साबण पुसून मी तसाच निघालो. श्रीधर सबनीस, म्हणजे आमचे अण्णा, काठी टेकून दारात उभे होते. इंदूवहिनी आत पलंगावर होत्या. झोपेतच गेल्या होत्या. शेजारचे डॉक्टर येऊन, बघून, पुढचं सांगून गेले होते. अण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि जे सांगायचं होतं त्यासाठी शब्द शोधू लागले. मी थांबलो. समोरचा माणूस शब्द शोधत असेल तर तो आपण पुरवायचा नाही, हे वहिनींनीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी बराच वेळ थांबलो. शब्द आला नाही.

अण्णा आणि मी एकाच सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो. ते माझ्याहून दहा वर्षांनी वडील. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा पहिलं वर्षभर रविवारचं जेवण त्यांच्याकडे असायचं. त्यांचं घर मारतहळ्ळीच्या अलीकडे. गच्चीवर उभं राहिलं की तेव्हा नाचणीची शेतं दिसायची. वहिनी जन्मानं बंगळूरच्या. त्यांचे पणजोबा कधीतरी इकडे आले आणि मग परत जायचं कोणाला सुचलं नाही. अण्णांचं घराणंही तसंच. त्यामुळे त्या घरातलं मराठी इथल्या पाण्यावर वाढलेलं होतं. ‘भाऊजी, स्वल्प सरका की, डोसेचं पीठ सांडेल,’ हे वहिनींच्या दृष्टीनं स्वच्छ मराठी वाक्य. मी सुरुवातीला हसायचो. दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा माझी आईच मला हसली, कारण मी तिला प्रत्येक गोष्टीवर ‘बरं’ऐवजी ‘सरी, सरी’ म्हणत होतो.

मंडळाचं चार पानांचं मासिक पत्रक होतं, अजूनही आहे. संपादक मी. बैठकीला उशिरा पोचल्यामुळे हे पद माझ्याकडे आलं. एकदा अध्यक्षांनी पाठवलेल्या बारा कडव्यांच्या कवितेतली आठ कडवी मी कापली आणि अर्धं पान मोकळं पडलं. छपाई दुसऱ्या दिवशी. मी सबनिसांकडे गेलो.

‘वहिनी, अर्धं पान भरायचंय. काहीतरी द्या.’

‘मी काय देऊ? हुळीची कृती लिहू?’

‘आमटीचीही चालेल.’

आतून अण्णा म्हणाले, ‘शब्दकोडं दे. दिवसभर मला घालत असतेस, ती जरा त्यांना घाल.’

अण्णा फार बोलणारे नव्हते. महिन्यातून असं एखादं वाक्य बोलायचे आणि बाकीचा महिना ऐकायचे. त्या दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले ते संध्याकाळपर्यंत. वहिनी शब्द जुळवायच्या आणि अण्णा चौकटी आखायचे. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदी स्टेन्सिलवर ते लोखंडी कलमानं अशा रेघा ओढायचे की कागदाला कळूसुद्धा नये. पुढे दर महिन्याला हेच. त्या वेळची वहिनींची कोडी कठीण असत. ‘जितकी जुनी तितकी बरी, पण विकत मिळत नाही, तीन अक्षरं.’ यावर माझ्या ऑफिसातल्या दोघांनी एक आठवडा घालवला. (उत्तर: ‘ओळख’.) उत्तरं माझ्याकडे यायची, बरोबर आलेल्यांची नावं पुढच्या अंकात छापायची, आणि गणेशोत्सवात त्या सगळ्यांना व्यासपीठावर बोलावून एकेक नारळ द्यायचा, अशी प्रथा पडली. नारळ घेणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे, ही त्यात अध्यक्षांची भर.

अण्णा निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय हळूहळू परत आला, आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता. ऐकलेलं, वाचलेलं सगळं कळत होतं. पण शब्द ओठांपर्यंत येईनात, हातातही उतरेनात. दोनच उरले होते: ‘ते... हे.’ पाणी हवं असलं तरी ‘ते हे’, पंखा बंद करायचा असला तरी ‘ते हे’. बरे झाल्यावर ते पूर्वीसारखे मंडळाच्या बैठकीला येऊन बसू लागले. आजारपण सगळ्यांना माहीत होतं; वाचा गेल्याचं कोणाच्याही लक्षात आलं नाही. एक तर ते मुळात कमी बोलणारे, आणि दुसरं म्हणजे आमच्या बैठकीत ‘ते हे’ एवढ्यावर माणसाचं सहज भागतं. वहिनींनी मला तेवढं सांगितलं आणि बजावलं, ‘कोणाला कळता नये, भाऊजी. लोक कीव करायला लागले की ते घराबाहेर पाय ठेवणार नाहीत.’

हॉस्पिटलात शब्दांचा सराव घेणाऱ्या बाई होत्या, मन लावून शिकवायच्या. पण त्यांच्याकडे इंग्रजी होतं आणि कन्नड होतं. चित्रांचे पत्ते दाखवून त्या शब्द विचारायच्या. घरी जे शब्द लागतात ते घरच्याच भाषेत परत यायला हवेत आणि ते काम तुम्हालाच करावं लागेल, असं त्यांनी वहिनींना सरळ सांगितलं. वहिनी ‘सरी’ म्हणाल्या.

यानंतर पत्रकातलं कोडं एकाएकी सोपं झालं. ‘सकाळी पितो तो, दोन अक्षरं.’ ‘डोळ्यांवर लावतो तो, दोन अक्षरं.’ ‘पावसात उघडतो ती, दोन अक्षरं.’ रेघाही वाकड्या येऊ लागल्या, कारण आता आखणीही वहिनीच करत. एका महिन्यात कलम स्टेन्सिलमधून आरपार गेलं आणि ‘उभे सात’च्या जागी शाईचा मोठा डाग उमटला. दोन महिने लोक गप्प बसले, मग तक्रारी सुरू झाल्या. पुण्याहून नोकरीला आलेली सॉफ्टवेअरची मंडळी तेव्हा नुकतीच मंडळात दिसायला लागली होती. त्यांच्यातली प्राजक्ता नावाची हुशार मुलगी मला म्हणाली, ‘काका, हे कोडं आहे की बालवाडीचा होमवर्क? मी बसच्या क्यूमध्ये उभ्या उभ्या संपवलं. बस यायची होती अजून!’ अध्यक्षांनी तर ‘पत्रकाचा दर्जा’ हा विषय पुढच्या बैठकीला घेतला. कोडं बंद करून त्या जागी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घ्यावी, प्रश्न ते स्वतः काढतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

वहिनींना हे हळूच सांगावं म्हणून मी एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टेबलाशी अण्णा बसले होते. समोर त्या महिन्याचं पत्रक, डाव्या हातात पेन्सिल. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्याकडे मुळीच बघत नव्हत्या. मला खुणेनंच बसायला सांगितलं. अण्णा खोलीभर नजर फिरवत होते. खुंटीला छत्री होती. टेबलावर चहाचा कप आणि चष्मा होता. मी ते कोडं शंभर प्रतींत छापलं होतं आणि मला ते आत्ता पहिल्यांदा कळत होतं. त्या खोलीत बसून जे जे दिसतं आणि माणसाला दिवसभरात जे जे मागावं लागतं, तेवढंच त्या कोड्यात होतं. अण्णांनी पेन्सिल टेकवली, पहिलं अक्षर गिरवलं, थांबले... आणि घामाघूम होऊन दुसरं लिहिलं. छत्री. मग तोंडानं म्हणायचा प्रयत्न केला. ‘ते... ते हे...’ पेन्सिल खाली ठेवून ते आत जाऊन पडले.

मी कुजबुजलो, ‘वहिनी, मग हे छापायचं कशाला? तुम्ही वहीत लिहून द्या ना त्यांना रोज एक.’

‘दिलं की. दोन वह्या भरल्या. बघतसुद्धा नाहीत.’

‘का?’

‘बायकोनं लावलेली शिकवणी वाटते त्यांना. तोंड फिरवून बसतात. छापून आलं की ते मंडळाचं कोडं असतं हो, सगळ्यांसाठी असलेलं. तुम्हीही सोडवता, ती पुण्याची पोरगी सोडवते, मग तेही बसतात.’ त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. ‘बंद करायला आलात का?’

मी नाही म्हणालो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्हाला खोटं बोलता येत नाही, भाऊजी. शिका स्वल्प.’

मी शिकलो. पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो की हे कोडं मुद्दाम सोपं ठेवलं आहे, आपल्या मुलांसाठी. इथे वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. त्यांना खेळातून शब्द मिळावेत असा वहिनींचा हेतू आहे. हे मला बैठकीला येताना रिक्षात सुचलं होतं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, ही भाषासंवर्धनाची चळवळ आहे. त्याच महिन्यापासून कोड्याच्या डोक्यावर ‘भाषासंवर्धन उपक्रम’ अशी पट्टी छापायचा ठराव झाला, आणि प्रश्नमंजूषा मागे पडली. कोणीही वहिनींना विचारलं नाही. पुढे खरोखरच पाचसहा घरांतली मुलं आईबापांना शब्द विचारत कोडी सोडवू लागली, त्यांतल्या दोघीतिघी मुली मराठी वाचायलाही शिकल्या. हे मी नाइलाजानं नोंदवतो. आपली थाप खरी ठरली की माणसाला कबुली द्यायची सोयच राहत नाही.

अण्णा शब्द लिहू लागले होते. पण सात महिने झाले तरी बोलताना ‘ते हे’च. वहिनी थकल्या होत्या. एकदाच मला म्हणाल्या, ‘भांडण करायला तरी बोलायला हवं ना हो. एकटीनं किती भांडायचं?’

मग तो अंक आला. ‘आडवे चार: बाजारातून जुडी आणतो ती, दोन अक्षरं.’ लोकांनी ‘भाजी’ लिहिलं, ‘मेथी’ लिहिलं, पण उभ्या शब्दांशी काहीच जुळेना. फोनवर फोन, सगळ्यांत जास्त पुण्याच्या मंडळींचे. शेवटी मी वहिनींना उत्तर विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सोप्पू.’ पालेभाजीला कन्नडमध्ये सोप्पू म्हणतात हे इथल्या भाजीवाल्याच्या गाडीवरसुद्धा ऐकू येतं. पण वहिनींच्या घरी तीन पिढ्या सकाळसंध्याकाळ तोच शब्द होता आणि तो मराठी नाही हे त्यांना साठाव्या वर्षी माझ्याकडून कळलं. ‘अय्यो, मग मराठीत काय म्हणतात?’ त्यांनी अगदी मनापासून विचारलं. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं की भाषासंवर्धन उपक्रमात परभाषेतला शब्द येणं ही गंभीर बाब आहे. पुढच्या अंकात माफी छापा. मी माफीचा मजकूर लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या होत्या, तोच वहिनींचा फोन.

‘भाऊजी, बोलले!’

‘कोण?’

‘कोण काय! हे! आत्ता, टेबलाशी. लिहिलं नाही आधी, मोठ्यानं बोलले, मग लिहिलं!’

‘काय बोलले?’

‘सोप्पू!’ आणि त्या फोनवरच हसायला लागल्या, मग नाक ओढायला लागल्या. मी थांबलो.

माफी छापली नाही. पुढच्या अंकात लिहिलं: आडवे चारचं उत्तर सोप्पू. संपूर्ण बरोबर उत्तर एकच आलं. श्री. श्रीधर सबनीस. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. संपादक म्हणून माझ्या कारकिर्दीत हे क्वचितच घडलं आहे.

पण त्यामुळे गणेशोत्सवात अण्णांना व्यासपीठावर जावं लागणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, जाऊ दे, त्यांना जायचंय. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. नारळ डाव्या हातात घेतला आणि अध्यक्षांनी माइक तोंडाशी धरला. ‘सबनीस साहेब, दोन शब्द.’ अख्खा हॉल बघत होता. अण्णांचे ओठ हलले. ‘ते...’ म्हणाले. ‘ते हे...’ अध्यक्ष माइक स्वतःकडे ओढून म्हणाले, ‘त्यांना भरून आलं आहे.’ अण्णांनी नारळ काखेत मारला आणि माइक परत आपल्याकडे वळवला. पहिल्या रांगेत वहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. मला वाटत होतं, कोणीतरी एखादा शब्द सुचवावा... मी सुचवावा. वहिनींनी मागे वळून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प राहिलो. आणि अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘सोप्पू!’

हॉलभर हशा कोसळला. पुण्याच्या मंडळींना अण्णांनी भर सभेत सुनावलं असं जुन्या लोकांना वाटलं, आणि आपली चेष्टा किती खेळकरपणे केली असं पुण्याच्या मंडळींना. प्राजक्ता उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या वर्षीचं सर्वोत्तम भाषण म्हणून लोक अजून ते सांगतात. वहिनी मात्र हसत नव्हत्या. चष्मा काढून पुसत होत्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

त्यानंतर शब्द येऊ लागले, एकेक करून, स्वतःच्या मर्जीनं. वहिनी त्यांच्या मागे मागे कोडं कठीण करत गेल्या. एखाद्या महिन्यात खोलीबाहेरचा एखादा शब्द यायचा: बस, पोस्ट, दवाखाना. मग न दिसणारे शब्द आले: राग, उशीर, सवय. लोक म्हणायचे, दर्जा सुधारतोय. मला त्या चौकटींत अण्णांची तब्येत दिसायची. मध्ये एकदा कोडं पुन्हा एकदम चहा-चष्म्यावर आलं, तेव्हा न विचारता मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा तापानं पडले होते. पण सबंध वाक्य मात्र कधी आलं नाही. एक शब्द, फार तर दोन. ‘चहा दे.’ ‘नको.’ ‘ये.’ वहिनी म्हणायच्या, येईल. ‘चौकटी एकमेकींना चिकटल्यावर कोडं होतं, भाऊजी. शब्द तर जमा झालेत.’ ते चिकटलेले बघायला त्या राहिल्या नाहीत.

शोकसभेनंतर कोडं कोणी करायचं असा प्रश्न आला. सगळे छताकडे बघू लागले आणि ते माझ्याकडे आलं. वहिनींना एका दुपारचं काम होतं. मला नऊ दिवस लागले. अंक छापून आला तसा मी पहिली प्रत घेऊन अण्णांकडे गेलो. घर तसंच आहे. अण्णा अजून टेबलाच्या त्याच बाजूला बसतात, म्हणजे स्वयंपाकघराचं दार समोर येतं. मी त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं आणि वहिनींसारखा दुसरीकडे बघत बसलो. मला ते नीट जमलं नाही. अण्णांनी वीस मिनिटांत कोडं संपवलं. दोन ठिकाणी पेन्सिलीनं फुली मारली. मग माझ्याकडे वळले आणि शोधू लागले. मी थांबलो. एक शब्द आला, मग दुसरा... आणि ते थांबले नाहीत. ‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘तुला... कोडं... अजिबात... करता येत नाही.’

सहा वर्षांतलं त्यांचं हे पहिलं सबंध वाक्य. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ते जसंच्या तसं सांगितलं. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहून घेतलं: शब्दकोड्याबाबत एक तक्रार आली.